गेमचा अनुशेष: आधी मोजा, मग दीड तास खेळा, मग लिहा

विदर्भात 'अनुशेष', म्हणजे विकासातली साचलेली बाकी, हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९८४ साली महाराष्ट्रातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल आला तेव्हा त्यात सिंचन, रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण अशी क्षेत्रवार मोजणी होती. कुठे किती बाकी आहे हे आकड्यांत दिसल्यावरच तो भरून काढण्याची भाषा सुरू होऊ शकली. साचलेल्या गेमचंही तसंच आहे. "खूप गेम पडलेत" एवढ्यावरून कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. म्हणून पहिलं काम खेळण्याचं नाही, यादीचं.

एक साधी शीट उघडा. रकाने पाच पुरेत: गेमचं नाव, कुठे आहे (स्टीम, एपिक, गॉग ही पीसी गेमची ऑनलाइन दुकानं, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा डिस्क), डिस्कवर लागणारी जागा, मुख्य कथेचे तास आणि शेरा. स्टीमच्या लायब्ररीत शोधपेटीशेजारच्या फिल्टरमध्ये 'प्ले स्टेट' खाली 'अनप्लेड' निवडलं की कधीच न उघडलेले गेम वेगळे दिसतात. पण एकदा उघडून दोन मिनिटांत बंद केलेला गेम या फिल्टरमधून निसटतो, त्यामुळे खेळलेल्यांची यादीही एकदा डोळ्यांखालून घाला आणि एका तासाच्या आतले सगळे गेम शीटमध्ये घ्या.

तासांसाठी 'हाऊ लाँग टू बीट' ही साइट वापरा. तिथे मुख्य कथा, कथा अधिक बाजूची कामं आणि सगळं पूर्ण असे वेगवेगळे आकडे असतात. शीटमध्ये फक्त पहिला आकडा लिहा. 'पोर्टल' तीनेक तासांचा, 'इनसाइड' साडेतीनचा, 'फायरवॉच' चारचा. 'द विचर ३' ची मुख्य कथाच पन्नासेक तास घेते आणि बाजूची कामं धरली की शंभराच्या वर जाते. हे आकडे सरावलेल्या खेळाडूंचे असतात. कंट्रोलर नुकताच हातात आला असेल, किंवा प्रत्येक कोपरा धुंडाळण्याची सवय असेल, तर सव्वापट धरा.

एपिकने डिसेंबर २०१८ मध्ये स्टोअर सुरू केल्यापासून मोफत गेम वाटलेत, आणि दर गुरुवारी रात्री त्यात भर पडते. ते खात्यात घ्यायला काहीच हरकत नाही. पण खात्यात आहे म्हणून शीटमध्ये घालू नका. त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहून खेळावंसं वाटलं तरच नाव लिहा. नाहीतर यादी दर आठवड्याला वाढते आणि कितीही खेळलं तरी मागे पडल्यासारखं वाटत राहतं. गेम पास आणि प्लेस्टेशन प्लस या वर्गणीवर चालणाऱ्या सेवांच्या कॅटलॉगमधले गेम मात्र वेगळ्या रंगात ठेवा. त्यातले बरेच काही काळाने निघून जातात, त्यामुळे 'लवकरच जाणार' अशी खूण दिसली की त्यांचा नंबर आपोआप वर येतो.

आता हिशेब. समजा चाळीस गेम आहेत आणि सरासरी पंधरा तास लागतात. झाले सहाशे तास. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्याला सहा तास मिळत असतील तर शंभर आठवडे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, आणि तीही एकही नवा गेम न घेता. हा आकडा एकदा कागदावर आला की पटतं: सगळे गेम पूर्ण करणं हे उद्दिष्टच चुकीचं आहे. प्रत्येक गेमला एक प्रामाणिक संधी द्यायची आणि मग ठरवायचं, हे उद्दिष्ट गाठता येतं. चाळीस गेमना दीड-दीड तास म्हणजे साठ तास. आठवड्याला सहाच्या दराने दहा आठवडे. अडीच महिन्यांत अख्ख्या लायब्ररीबद्दल स्वतःचं मत तयार होतं.

दीड तास कसा खेळायचा

दीड तासच का? स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. नव्या खरेदीत नव्वद मिनिटांवर थांबलं की निर्णयासाठी अर्धा तास शिल्लक राहतो. जुन्या गेमना परतीची मुदत नसते, पण सगळ्यांना एकच माप लावलं तर तुलना करता येते.

या नव्वद मिनिटांत सेटिंग धरायची नाहीत. ती आधी उरकून घ्या: सबटायटल चालू आणि मोठ्या अक्षरांत, मोशन ब्लर (हलताना चित्र धूसर करणारा परिणाम) बंद, पडद्याचा उजेड खोलीतल्या उजेडात नीट लावलेला, आणि पात्राच्याच डोळ्यांतून दिसणारा (फर्स्ट पर्सन) गेम असेल तर दृश्यकोन (फील्ड ऑफ व्ह्यू) ९० अंशांच्या आसपास. कोन अरुंद राहिला की वीस-तीस मिनिटांत मळमळतं आणि दोष गेमवर जातो. बरेच नवे गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डला चित्र रंगवायला लागणारे छोटे प्रोग्राम, तयार करत बसतात. ते काम पूर्ण होईपर्यंत मेनूवरच थांबा. घाईने खेळ सुरू केला तर पहिला अर्धा तास चित्र अडखळत राहतं. हा थांबलेला वेळही स्टीमच्या मीटरमध्ये मोजला जातो, हे मात्र लक्षात असू द्या.

मग घड्याळ लावा. पंधराव्या, पंचेचाळिसाव्या आणि नव्वदाव्या मिनिटाला गेम थांबवून प्रत्येकी दोन ओळी लिहायच्या. पंधराव्या मिनिटाला: हाताला काय जाणवलं? चालणं, उडी, मार यांना वजन आहे का, की पात्र बर्फावरून घसरल्यासारखं वाटतं? पंचेचाळिसाव्याला: आतापर्यंत मी नेमकं काय करत होतो? इथे क्रियापदं लिहा, कथा नाही. शोधलं, लपलो, गोळा केलं, वाचलं, मेलो आणि पुन्हा तिथेच आलो. नव्वदाव्याला एकच प्रश्न: उद्या हा उघडावासा वाटेल का? शेवटी सगळं एकदम लिहू म्हटलं तर पहिल्या पंधरा मिनिटांतली जाणीव पुसली गेलेली असते. हात नियंत्रणांना सरावतो आणि सुरुवातीला काय खटकलं होतं ते आठवतच नाही. नेमकी हीच नोंद दुसऱ्याला सगळ्यात उपयोगी पडते, कारण तोही तिथूनच सुरू करणार असतो.

काही गेमना हे माप तोकडं पडतं, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. 'रेड डेड रिडेम्प्शन २' चा पहिला अध्याय बर्फात, संथ आणि बांधून ठेवलेला आहे. खरा गेम दुसऱ्या अध्यायात मोकळा होतो, म्हणून तिथवर जा. 'द विचर ३' मध्ये व्हाइट ऑर्चर्ड हा सुरुवातीचा भाग संपेपर्यंत मत बनवू नका. 'हेडीज' सारख्या गेममध्ये मरून परत येणं हाच गाभा आहे, त्यामुळे सहा-आठ फेऱ्या द्या. 'आउटर वाइल्ड्स' चं चक्र २२ मिनिटांचं आहे. चार चक्रं झाली की जिज्ञासा लागली की नाही ते कळतं. 'पर्सोना ५' तर पहिले कित्येक तास हात धरून चालवतो. अशा गेमसाठी अख्खा रविवार मोकळा असेल तेव्हाच सुरुवात करा. मंगळवारी रात्री दीड तास काढून सुरू केलात तर तो नक्की 'सोडले' मध्ये जाईल, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारं ठरेल.

दीड तासानंतर गेम तीनपैकी एका कप्प्यात जातो: 'चालू', 'नंतर' किंवा 'सोडले'. स्टीममध्ये याच नावांची कलेक्शन बनवता येतात. 'चालू' मध्ये एका वेळी तीनच ठेवा: एक लांबलचक, एक पाच तासांच्या आतला, आणि एक असा जो वीस मिनिटांत उघडून बंद करता येतो. दोन लांब गेम एकत्र चालू ठेवले की बोटं गोंधळतात. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर 'गॉड ऑफ वॉर' (२०१८) मध्ये वार चुकवायला एक्स बटण आहे, 'एल्डन रिंग' मध्ये वर्तुळ. एका संध्याकाळी हा आणि दुसऱ्या संध्याकाळी तो खेळलात तर दोन्हीकडे विनाकारण मराल आणि दोन्ही गेम अवघड आहेत असं वाटेल.

'सोडले' मध्ये गेम टाकताना शेऱ्यात कारण लिहा, तीन शब्दांत का होईना: "लढाई तीच तीच", "अक्षरं बारीक", "एकट्याने मजा नाही". कारण लिहिलेलं नसलं की पुढच्या सेलमध्ये त्याच गेमचा पुढचा भाग घेतला जातो.

जागा, डाउनलोड आणि सेव्ह

५१२ जीबीच्या एसएसडीवर विंडोज आणि बाकी कामाचं धरून गेमसाठी साडेतीनशे-चारशे जीबी उरतात, आणि त्यातलेही पंधरा-वीस टक्के मोकळे ठेवावेत. 'रेड डेड रिडेम्प्शन २' एकटाच १५० जीबी मागतो. म्हणून तीन 'चालू' गेम आणि चाचणीच्या रांगेतले दोन, यापलीकडे काही इन्स्टॉल करून ठेवू नका.

डाउनलोडचा हिशेब सोपा आहे: कनेक्शनचा आकडा भागिले आठ. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे १५० जीबीला तीन तास वीस मिनिटं, आणि तेही सगळा वेग मिळाला तर. ४० एमबीपीएसवर तेच आठ तास वीस मिनिटांचं काम होतं. त्यामुळे उद्याचा गेम आज रात्रीच लावायचा. स्टीमच्या डाउनलोड सेटिंगमध्ये अपडेटसाठी वेळ ठरवून देता येते; रात्री एक ते सकाळी सहा ठेवा. घरात किंवा होस्टेलवर दुसऱ्या मशीनवर तोच गेम असेल तर स्टीम तो स्थानिक नेटवर्कवरून ओढून घेऊ शकतं, तेवढा डेटा वाचतो.

गेम काढून टाकण्याआधी सेव्ह तपासा. प्रत्येक गेम क्लाउडवर सेव्ह ठेवत नाही. लायब्ररीतल्या पानावर क्लाउडची खूण नसेल तर सेव्ह फाइल बहुधा डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स किंवा ॲपडेटा या फोल्डरांत सापडते. ती पेन ड्राइव्हवर कॉपी करून मगच अनइन्स्टॉल करा.

नागपूरचा उन्हाळा

हा भाग पुण्या-मुंबईच्या वाचकाला कमी लागेल, पण इथे त्यावाचून चालत नाही. परीक्षा संपतात, सुट्ट्या लागतात आणि विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे अनुशेष भरून काढायला सगळ्यात मोठा मोकळा काळ एप्रिल ते जून. नेमका तेव्हाच पारा ४५ च्या वर जातो. पंख्यांचा वेग तोच राहिला तर खोली दहा अंशांनी तापल्यावर आतली चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. हिवाळ्यात ८० अंशांवर निवांत चालणारा लॅपटॉपचा प्रोसेसर मे महिन्यात दुपारी ९५ च्या वर पोहोचतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळू लागतो.

उपाय ठरलेले आहेत. फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० वर बांधून टाका. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये कमाल फ्रेम रेटची सोय असते. डेस्कटॉप असेल तर आफ्टरबर्नरसारख्या साधनात पॉवर लिमिट, म्हणजे ग्राफिक्स कार्डने किती वीज ओढावी याची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्याच कमी होतात, उष्णता बरीच उतरते. लॅपटॉपवर ही पट्टी बऱ्याचदा कुलूपबंद असते. तिथे मागची बाजू दोन इंच उचलून ठेवणं आणि सावल्यांची सेटिंग दोन पायऱ्या खाली आणणं एवढंच हातात राहतं.

कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. हवा गार असते हे खरं, पण वाळ्याच्या ताट्यांतून येताना ती ओल घेऊन येते आणि आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षारही. धूळ आणि ओल मिळून पंख्याच्या पात्यांवर असा थर बसतो की तो ब्लोअरने उडत नाही, ब्रशने खरवडावा लागतो. कॅबिनेट कुलरच्या बाजूला ठेवा, खिडकी किंवा दार उघडं ठेवून ओल बाहेर जाऊ द्या, आणि एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी जाळी काढून झटका.

वीज गेली तर काय, याचाही विचार आधीच करा. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसची खरी ताकद ३६० वॅटच्या आसपास असते. ग्राफिक्स कार्ड जोरात असताना मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या वर सहज जातात, आणि मग यूपीएस ओरडून सगळं एकदम बंद करतो. म्हणजे ज्यासाठी घेतला तेच होत नाही. ६० फ्रेमची मर्यादा इथेही कामी येते. यूपीएसवर मिळणारी मिनिटं सेव्ह करून बंद करण्यासाठी आहेत, खेळत राहण्यासाठी नाहीत. ज्या गेममध्ये फक्त ठरावीक जागीच सेव्ह होतं ते उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री दहानंतर खेळा, आणि मुळात मे महिन्यासाठी लहान, दोन मितींतले, हलके गेम राखून ठेवा. पन्नास तासांचे जड गेम डिसेंबरसाठी. तेव्हा थंडीही असते आणि स्टीमचा हिवाळी सेलही.

पहिली नोंद इतरांना सांगताना

तीन वेळा लिहिलेल्या दोन-दोन ओळी हाताशी असल्या की लिहिणं अवघड उरत नाही. पण ही नोंद म्हणजे परीक्षण नव्हे, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्याच ओळीत कळलं पाहिजे. किती वेळ खेळलात, कशावर, कंट्रोलर की कीबोर्ड, कोणती काठिण्यपातळी, हे आधी सांगा. मशीन तापलेलं असताना खेळला असाल तर तेही. मे महिन्यात दुपारी तीनला अडखळलेल्या गेमबद्दल "ऑप्टिमायझेशन वाईट" असं लिहिणं म्हणजे उन्हाचा दोष दुसऱ्याच्या कामावर टाकणं. तोच भाग रात्री अकराला पुन्हा चालवून पाहा. तेव्हाही अडखळला तर बिनधास्त लिहा.

तारीखही लिहा, विशेषतः अर्ली ॲक्सेसमधल्या, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला आलेल्या गेमला. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला तेव्हा त्यात फक्त पहिला अंक होता. पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने त्याची कौशल्यांची आणि पोलिसांची अख्खी रचना बदलली. अशा गेमबद्दलचं बिनतारखेचं मत वाचणाऱ्याला फसवतं. अनुशेषातला जुना गेम उघडण्याआधी त्याच्याबद्दलची जुनी मतं वाचायचं टाळा, ते याच कारणासाठी.

दीड तासात जे कळू शकत नाही ते लिहू नका. "कथा जबरदस्त आहे" हे कळू शकत नाही. "पहिल्या अर्ध्या तासात तीन पात्रं भेटली आणि तिघांची नावं लक्षात राहिली" हे कळतं. "ग्राफिक्स एक नंबर" यातून काही मिळत नाही. "अंधाऱ्या गुहेत शत्रू आणि दगड सारखेच दिसतात" यातून मिळतं. दहापैकी गुण तर अजिबात नकोत, कारण गुण दिले की वाचणारा बाकीचं वाचतच नाही.

नमुना म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' घेऊ. नोंद अशी असावी:

"राजी. पीसी, कंट्रोलर, ७५ मिनिटं. त्रिशूळ हाती आलाय. भिंतीवर धावत जाऊन झेप घेणं आणि खांबाला गरका मारून वार करणं जमू लागलंय. लढण्यापेक्षा चढण्या-उतरण्यात जास्त रमायला होतं. कॅमेरा दूर आणि ठरलेल्या जागी असल्यामुळे काही उड्या किती लांब घ्यायच्या याचा अंदाज चुकतो. घाईत पळू नका, भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबा. अजून न कळलेलं: पुढे शत्रू बदलतात की हेच डाव घोटायचे? गेम पाचेक तासांचाच आहे, पूर्ण करणार."

यात कथेचा एकही धागा उघडा पडलेला नाही, तरी वाचणाऱ्याला हातात काय येणार ते समजतं. शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं: अजून काय कळलेलं नाही. तेवढं एक वाक्य असलं की चर्चा सुरू होते, कारण पुढे गेलेला कुणीतरी उत्तर देतो.

मराठीत लिहिताना बॉस, चेकपॉइंट, सेव्ह, लूट हे शब्द आहेत तसेच ठेवा. त्यांना प्रतिशब्द शोधत बसलात तर वाचणारा अडखळतो. पण अनुभव सांगायला आपले शब्द वापरा. मार 'भरीव' आहे की 'पोकळ', चाल 'बोजड' आहे की 'चपळ', लढाईला 'ठेका' आहे का. आणि मराठी वाचकाला खरोखर लागणाऱ्या चार गोष्टी इंग्रजी लेखांत सापडत नाहीत, त्या आवर्जून द्या: इंग्रजी किती आणि किती अवघड ('डिस्को एलिझियम' मध्ये दहा लाखांवर शब्द आहेत, ते वाचायची तयारी हवी), मध्येच थांबवता येतो का, घरातल्या लहान भाच्यासमोर खेळता येईल का, आणि डाउनलोड किती जीबीचं.

स्टीमवर लिहिणार असाल तर तिथे अंगठा वर किंवा खाली एवढीच निवड आहे आणि लिहिते वेळी किती तास झाले होते ते आपोआप दिसतं. दीड तासाला अंगठा खाली द्यायचा असेल तर कारण हाताशी संबंधित असावं, कथेशी नव्हे. मित्रांच्या ग्रुपवर टाकत असाल तर कथेतलं काही फोडणारं वाक्य वेगळ्या मेसेजमध्ये, आधी सूचना देऊन टाका. प्रकाशनाआधीची बंद चाचणी असेल तर अटी वाचा. बऱ्याचदा चित्र किंवा माहिती बाहेर द्यायला मनाई असते.

अर्धवट गेमकडे परतताना

प्रत्येक वेळी बंद करताना 'चालू' गेमसाठी एक ओळ लिहा: कुठे आहे, पुढे काय करायचं, कोणतं बटण विसरतो. "पुलापाशी. म्हाताऱ्याला भेटायचं. ढाल एल१." तीन आठवड्यांनी परत आलात की ही ओळ अर्धा तास वाचवते. ओळ लिहिलेली नसेल आणि गेम पाव भागापेक्षा कमी झाला असेल तर सरळ नव्याने सुरू करा. त्याहून पुढे असाल तर बॉससमोरच्या सेव्हवर उडी मारू नका. सुरक्षित भागात परत जा, दहा मिनिटं साध्या शत्रूंशी लढा, मग पुढे.

गेम पूर्ण झाला की आपली पहिली नोंद शोधा आणि तिच्या खाली नवी तारीख टाकून चार ओळी जोडा. वरचं खोडू नका. पहिल्या दीड तासात जे खटकलं ते शेवटपर्यंत खटकत राहिलं का, आणि "अजून न कळलेलं" म्हणून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काय निघालं, एवढंच लिहा. शीटमध्ये तास लिहा, सेव्हची प्रत काढा, गेम अनइन्स्टॉल करा आणि रात्रीच्या डाउनलोडला पुढचं नाव लावा.